आबासाहेबांच्या विश्वासाचं माप

एका गावात एक भोळा नवरा होता, तुळशीराम. अंगावरची हळद उतरते न उतरते तोच त्याला पाहणीचं काम लागलं. घरोघर जायचं, देवावर विश्वास किती आणि माणसांशी वागणूक कशी, हे फॉर्मात भरायचं.

हे तरी टिकू दे, असं बायको वनिता मनात म्हणाली. लग्नाआधीची तीन कामं सुटली होती. तिच्या वडिलांनी बजावलं होतं, "हेही सुटलं तर पोरीला घेऊन जाईन."

पाहणीचे साहेब म्हणाले, "विश्वास नीट मोजून आण." तुळशीरामाने शिंप्याची टेप घेतली आणि गावातले देव मोजून आणले. मारुती चार फूट. गणपती वीतभर.

"अहो, देव नाही मोजायचे," वनिता म्हणाली. "माणसांना विचारायचं. तेही एकटं गाठून. चारचौघांत कोण खरं बोलतंय?"

"बरं."

दुसऱ्या दिवशी त्याला माणसं एकटी सापडली ती संडासात. त्याने कडी वाजवली. "देवावर विश्वास दहापैकी किती?"

"दहा," आतून आवाज आला. "तू जा बाबा."

सगळ्या गल्लीचा विश्वास असा दहा भरला. साहेबांनी फॉर्म भिरकावले. उद्याचा दिवस शेवटचा, म्हणाले.

वनिताने कपाळाला हात लावला. "अहो, लोक सांगतात ते सगळं खरं नसतं. पडताळून बघावं, मग लिहावं."

"बरं."

तिसऱ्या दिवशी तो आबासाहेबांकडे गेला. देऊळ त्यांनीच बांधलेलं. त्यांच्या नावाची पाटी मारुतीपेक्षा हातभर मोठी. तुळशीरामाने मोजली होती.

"विश्वास किती?"

"दहा कशाला, अकरा लिही."

"खालच्या आळीतल्यांना घरातल्या कपात चहा देता?"

"देतो की. सगळी देवाचीच लेकरं."

बाहेर कोनाड्यात कान तुटलेले दोन कप होते. ते कुणासाठी, हे गावाला ठाऊक होतं. तुळशीरामाला नव्हतं. पण पडताळायचं, एवढं त्याला आठवलं. तो खालच्या आळीत गेला आणि अख्खी आळी घेऊन आला. "आबासाहेब चहा देतायत. घरातल्या कपात."

एक्केचाळीस माणसं ओसरीवर उभी राहिली. आबासाहेबांनी दार लावून घेतलं.

तुळशीराम खूश झाला. माणूस एकटा सापडला होता. त्याने कडी वाजवली. "आबासाहेब, आता खरं सांगा, किती?"

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. शेवटी त्याने टेप काढली आणि दाराला लावली.

संध्याकाळी काम गेलं. सकाळी वनिताचे वडील आले. "चल, पिशवी भर."

वनिता पिशवी सोडून फॉर्म वाचत बसली होती. "थांबा बाबा. अख्ख्या गावात एवढाच खरा भरलाय."

फॉर्मात लिहिलं होतं : विश्वास, सहा फूट दोन इंच. आतून कडी.