कन्व्हर्टर काढा!

हायड्रोजनवर चालणारी पहिली बस पाहायला कारखान्यात गर्दी जमली होती. अध्यक्ष सरंजामेसाहेब माइकवरून गरजले, "वीज बनवतो फ्युएल सेल, बस पळवते मोटर. मग मधला हा कन्व्हर्टर कशाला? उद्याच काढा!"

तो कन्व्हर्टर घडवणाऱ्या इंजिनिअर डोर्ले मॅडमनी शांतपणे माइकचा आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायरचा डबा बंद केला. साहेबांचे ओठ नुसतेच हलत राहिले. मागून लोक ओरडले, "ऐकू येत नाही!"

"बंद का केलात?" साहेब खेकसले.

"बोलता तुम्ही, ऐकतात लोक. मधल्या डब्याला एक शब्द तरी सुचतो का? फ्युएल सेलचं व्होल्टेजही तुमच्या आवाजासारखंच कमी पडतं साहेब. कन्व्हर्टर ते मोटरला पुरेल इतकं वाढवतो."

साहेबांना हसू आवरेना. "राहू द्या कन्व्हर्टर!" ते म्हणाले. पण मागच्यांसाठी त्यांना ते तीनदा ओरडून सांगावं लागलं.