करंगळीएवढा माइक

लॅपटॉप आणि माइक माणसांशी बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट. तांबटआळीत सुभद्राआत्या राहत. त्यांच्या भाचीचं, ऋजुताचं, लग्न परदेशात होतं. तिकडे जाणं जमणार नव्हतं, म्हणून हळदीची गाणी आत्या लॅपटॉपवरून म्हणणार होत्या. सरावाच्या दिवशी ऋजुता म्हणाली, "आत्या, नुसती तांब्याची ठोकठोक ऐकू येतेय गं. तुझा आवाज कुठाय?"

आत्या माइक आणायला निघाल्या, तसा लॅपटॉप फुरंगटला. "मला कान आहेत की! परका कशाला?"

"तुझ्या कानात तुझाच पंखा घरघरतो रे," आत्या म्हणाल्या आणि त्याला पिशवीत घालून दुकानात घेऊन गेल्या.

दुकानातला मोठा माइक ऐटीत म्हणाला, "मला अख्ख्या गल्लीतलं ऐकू येतं!"

शेजारी करंगळीएवढा माइक होता. तो मान ताठ ठेवून म्हणाला, "मला लांबचं ऐकू येत नाही. पण माझ्यासमोर जो बसेल, त्याचं एक अक्षरही मी सांडू देत नाही."

"मग तूच चल," आत्या म्हणाल्या.

हळदीच्या दिवशी आळीत हातोडे चालूच होते. आत्या लहानग्या माइकजवळ सरकून गायल्या. तिकडे ऋजुताचे डोळे भरून आले. "आत्या, तू श्वास घेतलास तोसुद्धा ऐकू आला!"

कोनाड्यातल्या जुन्या रेडिओने लॅपटॉपला विचारलं, "कोण रे हा बारका पाहुणा?"

"पाहुणा कसला? घरचाच आहे तो," लॅपटॉप अभिमानाने म्हणाला. "आत्यांचं गाणं आम्ही दोघांनी मिळून पोचवलं!"