सात वर्षांचा मालक

“…पण शंभराची वस्तू साठाला मिळत असेल, तर न घेणारा शहाणा की वेडा, तेवढं सांगा बुवा.”

विसूबुवा सुपातले गहू निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

निरंजन शेवडेने हा प्रश्न याआधीही दोनदा विचारला होता. मठात येण्यापूर्वी बुवा तीस वर्षं बँकेत होते. कर्ज देण्याआधी कारखाने पाहून येणं हे त्यांचं काम. म्हणून निरंजन अध्यात्म सोडून भलतंच विचारायला इथवर यायचा, आणि कंटाळून का होईना, बुवा ऐकून घ्यायचे.

या खेपेला मात्र गोष्ट हौसेची नव्हती. बायकोने प्रकृतीपायी शाळेतली नोकरी सोडली होती. तिचे जे काही पैसे आले, ते सगळे निरंजनला एकाच कंपनीच्या शेअरमध्ये घालायचे होते. ‘तुम्ही म्हणाल तसं,’ एवढंच ती म्हणाली होती, आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

कंपनी पंप बनवणारी. डोक्यावर छदामाचं कर्ज नाही. बाजारात अख्ख्या कंपनीची जी किंमत, तिच्याहून जास्त रोकड नुसती बँकेत पडून. निरंजनने दहा वर्षांचे ताळेबंद कोळून प्यायले होते.

“आणि कंपनी ज्या घराची, ती माणसं?” बुवांनी विचारलं.

निरंजनने काही लपवलं नाही. एक काका आणि दोन पुतणे सगळा कारभार बघतात. लाभांश नावाला. पगार मात्र तिघांचे भरघोस, काकांच्या बंगल्याचं भाडंसुद्धा कंपनीच भरते. वार्षिक सभेत कुणी तोंड उघडलं, की काका हात जोडून म्हणतात, तुम्ही तर घरचेच. मग चहा-वेफर्सवर सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसून सभा आटोपते. निरंजनकडे थोडे शेअर होतेच. अशा सात सभा त्याने पाहिल्या होत्या.

लंकेत सोन्याच्या विटा, ही म्हण त्याला ठाऊक नव्हती असं नाही. पण आकडे येणाऱ्या माणसाला वाटतं, म्हणी इतरांसाठी असतात.

“माणसं काही जन्माला पुरत नाहीत, बुवा. आज ना उद्या कारभार बदलेल. मी थांबेन.”

“थांबलासच की सात वर्षं.”

…

बुवांनी सूप खाली ठेवलं, डोळे चोळले. ते फार थकलेले दिसले. आपणही किती थकलोय, हे निरंजनला त्यांच्याकडे बघताना एकाएकी जाणवलं.

“कारखाना पाहिलास?”

पाहिला होता, दोनदा.

“गेटवर कोण असतं?”

एक म्हातारा. चोवीस वर्षं तिथेच आहे, असं तोच सांगत होता.

“बसायला काय आहे त्याला?”

निरंजनला हसू आलं. गोदामात किती पंप पडून आहेत, ते त्याने झोपेतही सांगितलं असतं. हे असलं कोण बघतं? तरी तो आठवू लागला. भर उन्हाची वेळ. म्हातारा भिंतीला टेकून उभा. कधी या पायावर भार, कधी त्या.

“खुर्ची नाही,” तो म्हणाला. “बसलेला पहारेकरी काकांना चालत नाही म्हणे.”

बुवांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

त्या पाहण्याचा निरंजनला राग आला.

“पण तो नोकर आहे, बुवा. मी भागधारक. कायद्याने मी त्या कंपनीचा मालक आहे.”

…

बुवा गुडघ्यावर हात देऊन उठले. कोपऱ्यात मठाची एकुलती एक लाकडी खुर्ची होती. ती त्यांनी उचलली, उपरण्याने पुसली आणि निरंजनच्या पुढ्यात आणून ठेवली.

निरंजन बसायला गेला, तसा त्यांनी हात आडवा धरला.

“तुला नाही. मालक आहेस ना… मग उद्या ही घेऊन जा, आणि त्याला हिच्यावर बसवून ये.”