उसवलेल्या लोकरीची शाल

लहानथोरांनो, फार फार जुन्या काळची गोष्ट आहे. डोंगरातल्या एका गार राज्यात घरोघरी लोकर विणत. तिथला नियम एकच, ओळ साठ टाक्यांची. एक टाका वाढला तरी सगळी शाल उसवायची.

टाके मोजायला एक म्हातारी मुख्य विणकरीण होती. तिची नजर भारी करडी. हाती असत्या तर तिने टेकड्याही उसवून सारख्या केल्या असत्या!

त्याच गावात एक मेंढपाळीण होती. मेंढरांमागे हिंडताना ती झाडावरची झालरीची अळंबी बघे, गोगलगायीचा शंख बघे, आणि सुईवर तसेच विणी. वाटेल तिथे टाका वाढवी, वाटेल तिथे कमी करी.

एकदा म्हातारीने विचारले, “किती टाके?”

“मोजले नाहीत, बाई. अळंबी कुठं मोजून वाढते?”

म्हातारीने चारचौघांत ती वीण उसवली. मेंढपाळणीचे डोळे भरून आले. उसवलेली लोकर गुंडाळून ती घरी गेली.

या म्हातारीची एकुलती नात पाठीला बाक घेऊन जन्मली होती. सरळ शाल तिच्या अंगावर ठरत नसे. त्या हिवाळ्यात पोरीला खोकला जडला. वैद्य म्हणाले, “पाठ अशीच उघडी राहिली, तर पोर हा हिवाळा काढायची नाही.”

म्हातारीने सात दिवस खपून नवी शाल विणली. ओळीला बरोबर साठ टाके. शाल घसरली.

नात हळूच म्हणाली, “आजी, शाल नाही गं चुकली. माझी पाठच चुकलीय. मलाही उसवतेस का?”

म्हातारीच्या काळजात चर्र झाले. पोरीला पाठुंगळी घेऊन ती मेंढपाळणीच्या दारात गेली. तिने हात जोडले.

मेंढपाळणीने पोरीला मांडीवर घेतले, पाठीवरून हात फिरवला आणि सुई उचलली. बाक आला तिथे टाके वाढवले, खळगा आला तिथे कमी केले. म्हातारी सवयीने मोजत होती. मग तिचे लक्ष लोकरीकडे गेले. धागा जागोजागी वळलेला होता. उसवलेली लोकर आपली वळणे लवकर सोडत नाही. ही तीच लोकर होती. म्हातारीचे मोजणे थांबले आणि ती रडू लागली.

शाल पोरीच्या पाठीवर नीट बसली. खोकला ओसरायला महिना लागला, पण पोर जगली.

म्हातारीने पुन्हा कुणाची वीण उसवली नाही. शाल हातात आली की “किती टाके?” असे विचारायचे तिने सोडले. ती विचारी, “कुणासाठी?”

तात्पर्य : माप बसले नाही तर माप बदलावे, माणसाला चुकीचे ठरवू नये.