सारसाच्या मानेतली भेग

सावंतवाडीच्या दाजीसाहेब सबनिसांना चिनी वस्तूंचं भारी वेड. एकदा त्यांनी मुंबईच्या लिलावातून काळ्या लाखेचं जुनं चिनी कपाट आणून दिवाणखान्यात उभं केलं. दारावर सोनेरी सारस होता, पण प्रवासात त्याच्या मानेला ही लांब भेग पडलेली.

लाखकाम करणाऱ्या शेवंता चितारणीला बोलावणं गेलं. भेगेवर बोट ठेवून दाजीसाहेब म्हणाले, "दुरुस्ती केलेली मला दिसता कामा नये. जमलं तर तू रंगवलेला पाट या चिनी वस्तूंच्या रांगेत मांडीन. पण तुम्हा गावठी हातांना कसलं जमतंय!"

शेवंता आठ दिवस लाख चढवत होती, घासत होती, पुन्हा चढवत होती.

नवव्या दिवशी दाजीसाहेबांनी पाहुण्यांसमोर भिंगातून मान न्याहाळली. काही सापडेना. पण हार मानतील तर ते दाजीसाहेब कसले!

"शेवंते, तुझं काम दाखव बघू," ते मिशीत हसले. "दाखवता आलं, तर ते दिसतंय, म्हणजे तू हरलीस. नाही आलं, तर तू काही केलंच नाहीस!"

पाहुणे खो खो हसले. शेवंतानं पदराला हात पुसले.

"साहेब, त्या दिवशी भेग तुम्हीच बोट ठेवून दाखवलीत. आज पुन्हा दाखवा. ती जिथं सापडणार नाही, तिथं माझं काम."

दाजीसाहेबांचं बोट सारसाच्या मानेपर्यंत गेलं आणि तिथंच थबकलं. मग त्यांनी कपाटाशेजारची चिनी फुलदाणी स्वतःच्या हातानं उचलून बाजूला ठेवली.

"शेवंताबाई," ते म्हणाले, "आणा तुमचा पाट."