चिंचोकागडचे नगारे गप्प राहिले तेव्हा

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. पाच राज्यांनी मिळून एक संघ केला होता. चार मोठी राज्यं चार दिशांना आणि मधोमध चिमुकलं चिंचोकागड. एवढंसं, की तिथला राजा शिंकला तर 'शतायुषी व्हा' शेजारच्या राज्यातून ऐकू येई.

पाची राज्यांचे प्रधान एका वडाच्या पारावर जमून संघाचे निर्णय घेत. अध्यक्षपद पाळीपाळीने. रिवाज एकच: अध्यक्षाने वहाणा पाराखाली काढायच्या. पायाला आपल्या राज्याची माती नको, तोंडी आपल्या राज्याची बाजू नको.

त्या वर्षी पाळी होती चिंचोकागडच्या प्रधान म्हाळसाबाईंची. आणि नेमकी त्याच वर्षी टोळधाड आली. चारही मोठ्या राज्यांचं अर्धं पीक गेलं. चिंचोकागड तेवढं नगारे बडवून बडवून वाचलं होतं.

"आम्ही नगारे बडवून एकूण एक टोळ पिटाळला!" पूर्वेचे प्रधान मिशीला पीळ देत म्हणाले.

"कुठे?" बाईंनी विचारलं.

त्यांनी दक्षिणेच्या प्रधानांकडे बोट दाखवलं. दक्षिणेच्यांनी पश्चिमेकडे, पश्चिमेच्यांनी उत्तरेकडे, आणि उत्तरेच्यांचं बोट फिरून पूर्वेच्या मिशीवर आलं.

"म्हणजे टोळांना तुम्ही प्रदक्षिणा घालायला लावलीत," बाई म्हणाल्या, "आणि वाटेत चौघांकडे जेवण! आता म्हणे एक टोळ बसला की फांदी मोडते."

मग बाई मुद्द्यावर आल्या.

"चहूकडून नगारे वाजवून त्यांना एकाच जागी उतरवायला हवं. पहाटेच्या गारठ्याने टोळ आखडतात, तेव्हा चरात लोटून पुरायचे. पण उतरवायचे कुठे?"

चौघेही वडाच्या पारंब्या न्याहाळू लागले. जागा सगळ्यांना ठाऊक होती. मधोमध एकच राज्य होतं. तिथला जोंधळा कापणीला आला होता, आणि निघताना राजाने बजावलं होतं, "बाई, एक कणीस गेलं तरी तोंड दाखवू नका."

म्हाळसाबाईंनी एकदा आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग उठून पाराखाली उतरल्या आणि वहाणा पायांत घातल्या.

"आता बोलते ती चिंचोकागडची प्रधान. आमचे नगारे गप्प राहतील. पण चर खणायला माणसं पाची राज्यांची लागतील, आणि वर्षभर आमच्या ताटात भाकरी तुमची."

"दिला शब्द!" चौघे एका सुरात म्हणाले. त्या पारावर एक सूर पहिल्यांदाच लागला होता.

तिसऱ्या दिवशी चहूकडून नगारे वाजले. चिंचोकागडात तान्ह्या पोरांनीसुद्धा रडणं उद्यावर ढकललं. टोळ उतरले. बाई बांधावर उभ्या राहून आपलाच जोंधळा कुरतडला जाताना ऐकत राहिल्या. पहाटे पाच राज्यांची माणसं खराटे घेऊन धावली. एकही टोळ परत उडाला नाही.

मग गाड्या आल्या. चार दिशांनी इतका दाणा आला, की कोठारं पुरेनात. राजाने आपला शयनमहाल मोकळा करून दिला आणि स्वतः गच्चीवर झोपू लागला. भेटेल त्याला छाती फुगवून सांगे, "आमच्या बाई बरं का त्या! आमच्या!"

पुढच्या बैठकीला अध्यक्ष पश्चिमेचे होते. पण पाराखाली वहाणांचे पाच जोड एका ओळीत होते. सांगितलं कुणीच नव्हतं.

तात्पर्य: जो तो शेजारी हाकलतो, ते संकट फिरून दारी येतं; सगळे मिळून अडवतात, ते तिथेच संपतं.