बाईचा खुंटा

वेळकोंडच्या धक्क्यावर उतरलात की डाव्या हाताला कमरेएवढा काळा दगडी खुंटा दिसेल. शेजारच्या फलकावर ‘सुभेदाराचा धक्का’ असं लिहिलंय. ते वाचून घ्या आणि सोडून द्या. धक्का सुभेदाराचा असेल, खुंटा बाईचा आहे.

असे सांगतात, की इराणच्या शहाने आपली धाकटी बहीण माहबानू इथल्या सुभेदार हैबतखानाला दिली, आणि सोबत गलबतभर घोडे. वाटेत घोड्यांना वेळच्या वेळी गोडं पाणी मिळे. शाहजादीला तहान लागलीय का, हे कुणी विचारलं नाही. इथे पोचल्यावर सुभेदाराने आधी घोड्यांचे दात पाहिले, खूर पाहिले, आणि मग विचारलं, “ती कुठेय?” सुपारीचं पोतंसुद्धा कुणी शहाणा व्यापारी असं उतरवून घेत नाही.

तरी तिने संसार केला. मुलगी झाली, रोशनक. आईच्या गाण्यांत बर्फ येई. बर्फ म्हणजे काय, असं मुलीने विचारलं की माहबानू तिच्या तळव्यावर ओला गार शिंपला ठेवी.

घोडे मात्र इथल्या दमट हवेत एकेक करून मेले. मग रोशनक बारा वर्षांची होते न होते, तोच सुभेदाराने ठरवलं, पोरगी हुरमुझच्या अमिराला द्यायची आणि बदल्यात नवे घोडे आणायचे.

“तुलाही भावाने पाठवलीच ना?” तो म्हणाला. “काय बिघडलं तुझं?”

माहबानूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत तिला हे पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं, आणि विचारणारा उत्तर ऐकायलाही थांबला नव्हता.

निघायच्या दिवशी सगळं बंदर धक्क्यावर लोटलं. कोळ्यांची रीत अशी, की पोर पहिल्यांदा समुद्रावर निघालं की गलबताचा दोर आईने सोडायचा. गलबत हाकणाऱ्या धाकू तांडेलाने तसं सांगितलं. चार लोकांत मोठेपणा मिरवायची सुभेदाराला हौस. हसून म्हणाला, “सोडा, बेगम.” तिथेच तो चुकला.

माहबानूने दोर हातात घेतला आणि गलबताकडे पाहिलं. “रोशनक, जायचंय तुला?”

मुलीने नाही म्हणून मान हलवली.

आईने खुंट्याला आणखी एक वेढा दिला, टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि तिथेच बसकण मारली.

सुभेदाराने तलवार उपसली, म्हणे. धाकू शांतपणे म्हणाला, “कापा, हुजूर. पन आईच्या हातचा दोर कापून गलबत आमी हाकत नाय. दुसरा तांडेल बघा.” अख्ख्या बंदरात दुसरा मिळाला नाही. ओहोटी लागली, गलबत चिखलात बसलं. मुलगी खाली उतरली तेव्हाच माहबानू उठली.

आजही वेळकोंडची नवरी टेंपोतून सासरी निघते, तेव्हा टेंपोचा दोर या खुंट्याला बांधतात. आई विचारते, मुलगी हो म्हणते, मग आई दोर सोडते. परवाच्या वैशाखात तारामती भोईरच्या लेकीने नाही म्हणून मान हलवली. नवऱ्याचा मामा कोयता घेऊन दोराकडे धावला. टेंपोवाल्याने किल्ली काढून खिशात घातली आणि म्हणाला, “कापा मामा, पण ढकलत न्यावा लागेल.”

वऱ्हाड चालत परत गेलं.